सातबाऱ्यावरचा 'अ.पा.क.' आणि इराणची राज्यघटना

इराण बातम्यांत आला की चर्चेत दोन वाक्यं हमखास येतात. 'तिथे मध्ययुगीन राजवट आहे' हे एक, आणि 'पण तिथे निवडणुका तर होतात की!' हे दुसरं. दोन्हींत थोडं तथ्य आहे, म्हणूनच गोंधळ वाढतो. मध्ययुगीन म्हणावं तर १९७९ च्या क्रांतीतून नवी लिखित राज्यघटना आली, तिच्यात निवडून येणारी संसद आणि राष्ट्राध्यक्ष होते, मूलपेशींवर संशोधन करणारी संस्था उभी राहिली, आणि विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्यांत मुली निम्म्याहून जास्त झाल्या. लोकशाही म्हणावं, तर डोक्यावरचा रुमाल नीट नव्हता म्हणून पकडलेली २२ वर्षांची महसा अमिनी सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना कोसळते आणि रुग्णालयात मरण पावते.

हे कोडं सोडवायचं तर धार्मिक मूलतत्त्ववादाकडे धर्म म्हणून न पाहता राजकीय विचारसरणी म्हणून पाहावं लागतं. समाजवाद किंवा भांडवलशाहीसारखीच तीही एक विचारसरणी आहे. सत्ता कोणाची आणि का, याचं तिचं स्वतःचं ठाम उत्तर आहे. त्या उत्तराचं भांडण विमानाशी, इंटरनेटशी किंवा मतपेटीशी नाही. ते प्रबोधनाच्या मूल्यांशी आहे.

आधी प्रबोधन म्हणजे काय ते पाहू

सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात विचारांची जी उलथापालथ झाली तिला प्रबोधन म्हणतात. तिची सर्वांत सुटसुटीत व्याख्या इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८४ साली बर्लिनच्या एका मासिकात केली. माणूस स्वतःच ओढवून घेतलेल्या अज्ञान अवस्थेतून बाहेर पडतो, ते प्रबोधन. हा 'अज्ञान' अडाणी या अर्थाचा नव्हे, कायद्यातला. वय न भरलेला, ज्याच्या वतीने दुसरा कोणीतरी सही करतो तो.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. वारस लहान असेल तर सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' असं लिहून आईचं किंवा काकाचं नाव घातलेलं असतं. अज्ञान पालनकर्ता. जमीन पोराची, सही पालकाची. पोरगा अठराचा झाला की तलाठ्याकडे अर्ज करून ते नाव कमी करून घेतो. कांटचं म्हणणं असं, की विचारांच्या बाबतीत आपण केव्हाच अठरा ओलांडले आहेत, पण पालकाचं नाव काढून घ्यायला कोणी जातच नाही. कारण ते सोयीचं असतं. आपल्या वतीने ग्रंथ विचार करतो, धर्मगुरू आपली सदसद्विवेकबुद्धी सांभाळतो, आपण निवांत.

हा विचार राजकारणात उतरला की त्यातून काही गोष्टी आपोआप निघतात. कायदे माणसं करतात, म्हणून माणसं ते बदलू शकतात. राज्यकर्त्याला 'का?' असं विचारता येतं. नागरिकाचा हक्क त्याच्या धर्मावर अवलंबून राहत नाही. आणि एखाद्याला आपल्या धर्मावर टीका करावीशी वाटली किंवा तो सोडावासा वाटला, तर तो त्याचा प्रश्न.

मूलतत्त्ववाद याच्या नेमका उलट उभा आहे. त्याचा दावा साखळीसारखा आहे: अंतिम सत्य एका ग्रंथात आहे, त्याचा खरा अर्थ एकच आहे, तो अर्थ अमुक गटालाच कळतो, आणि म्हणून राज्ययंत्रणा त्या गटाच्या हाती हवी. पहिल्या कडीपाशी थांबणारा माणूस फक्त श्रद्धाळू असतो. चातुर्मास पाळणारी आजी किंवा पाच वेळा नमाज पढणारे शेजारचे चाचा या साखळीच्या शेवटापर्यंत जात नाहीत. शेवटची कडी जोडली की श्रद्धेचं राजकारण होतं.

राज्यघटना मागणारे मौलवी

इराणमध्ये प्रबोधनाची मागणी पहिल्यांदा आली ती १९०५-०६ साली. कजार घराण्याचा शहा देशाची उत्पन्नाची साधनं परक्यांना गहाण टाकत होता. व्यापारी, कारागीर आणि धर्मगुरू एकत्र उठले. १९०६ च्या उन्हाळ्यात तेहरानमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या आवारात हजारो लोकांनी ठिय्या दिला आणि डिसेंबरात आजारी मुझफ्फरुद्दीन शहाने घटनेवर सही केली. काही दिवसांतच तो वारला.

या चळवळीच्या पुढाऱ्यांत बेहबहानी आणि तबातबाई हे दोन नामांकित धर्मगुरू होते. इराकमधल्या नजफ या शिया विद्यापीठातून आखुंद खोरासानींसारख्या सर्वोच्च विद्वानांनी घटनेला पाठिंबा दिला. नायिनी यांनी तर १९०९ साली धर्मशास्त्राच्याच आधाराने मांडलं, की निरंकुश राजापेक्षा कायद्याने बांधलेलं सरकार कमी पापी आहे. म्हणजे धर्म आणि घटना यांचं जन्मजात वैर होतं असं नाही.

वैर धरलं ते शेख फजलुल्ला नूरी यांनी. आरंभी तेही चळवळीत होते. पण घटनेत सर्व नागरिक समान, वृत्तपत्रांना स्वातंत्र्य आणि कायदा करण्याचा अधिकार संसदेला, हे पाहून ते बिथरले. मुसलमान आणि बिगरमुसलमान समान कसे? देवाने कायदा दिलेला असताना माणसं कायदा कसा करणार? त्यांच्या दडपणामुळे १९०७ साली घटनेत एक कलम घातलं गेलं: संसदेचे कायदे पाच मुज्तहिदांनी, म्हणजे धर्मशास्त्राचा स्वतंत्र अर्थ लावण्याचा अधिकार असलेल्या विद्वानांनी, तपासावेत. ते कलम व्यवहारात जवळजवळ निजूनच राहिलं. नूरींनी राजाची बाजू घेतली आणि घटनावादी जिंकल्यावर जुलै १९०९ मध्ये त्यांना तेहरानच्या चौकात फाशी दिलं गेलं. आज त्याच शहरात त्यांच्या नावाचा द्रुतगती मार्ग आहे. (त्यांचा नातू नुरुद्दीन कियानुरी पुढे इराणच्या कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख झाला आणि १९८३ साली याच इस्लामी राजवटीने त्याला तुरुंगात टाकलं. इतिहासाला विनोदबुद्धी असते, फक्त ती भलतीच कडू असते.)

'पण शहा तरी कुठे उदारमतवादी होता?'

नव्हता, आणि हा आक्षेप टाळून इराण समजत नाही.

१९२५ साली गादीवर आलेल्या रझा शहाने रस्ते, रेल्वे, शाळा, न्यायालयं उभारली. १९३६ साली त्याने बुरख्यावर बंदी घातली आणि पोलिसांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरची चादर ओढून काढली. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९५१ मध्ये मोहम्मद मोसाद्देक यांच्या पुढाकाराने संसदेने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, तेव्हा १९५३ साली अमेरिका आणि ब्रिटनच्या हेरखात्यांनी कट करून पंतप्रधान झालेल्या मोसाद्देक यांचं सरकार पाडलं. रझा शहाचा मुलगा मोहम्मद रझा त्यानंतर निरंकुश झाला. सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा आली, १९७५ साली तर एकच पक्ष उरला.

म्हणजे प्रबोधनाचा अर्धा भाग, शाळा आणि कारखाने, राजाने फर्मानाने आणला. आणि उरलेला अर्धा, म्हणजे प्रश्न विचारण्याचा हक्क, त्यानेच गाडला. लोकांच्या मनात 'आधुनिक' या शब्दाशेजारी पोलीस आणि परका सल्लागार उभे राहिले. सरकारने वरून आणलेली सुधारणा म्हटली की आपल्याकडचा १८९१ चा संमतिवयाचा वाद आठवतो. तिथेही सुधारणा योग्य की अयोग्य यापेक्षा ती कोण लादतंय, यावरच निम्मं भांडण झालं. फरक एवढाच, की इथे आगरकरांना 'सुधारक' काढून उघड भांडता आलं. शहाच्या इराणमध्ये वृत्तपत्रं दबली, पक्ष मोडले, आणि बोलायला उरली ती मशीद.

रुहोल्ला खोमेनी हे धर्मगुरू पुढे आले ते याच पोकळीत. १९६२-६३ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या मतदानाला विरोध केला. १९६४ मध्ये अमेरिकी सैनिकांना इराणी कायद्यातून सूट देणाऱ्या विधेयकावर ते तुटून पडले. पहिली भूमिका सरळसरळ प्रतिगामी, दुसरी कुठल्याही देशभक्ताने घेतली असती अशी. लोकांच्या लक्षात राहिली दुसरी. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना हद्दपार केलं गेलं.

अनाथांचा पालक राष्ट्राचा पालक होतो

आता या सगळ्याच्या गाभ्याकडे येऊ. शिया परंपरेनुसार बारावे इमाम नवव्या शतकात अंतर्धान पावले आणि ते परत येईपर्यंत पूर्ण न्यायी सरकार असूच शकत नाही. त्यामुळे शतकानुशतकं बहुतेक शिया धर्मगुरूंचा पवित्रा असा होता: राजाशी पटो न पटो, राज्य आपण चालवायचं नाही. फकीह, म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार, याच्याकडे मर्यादित पालकत्व होतं. अनाथ मुलं, वेडसर माणसं, बेवारस मालमत्ता यांची देखभाल त्याने करायची.

१९७० च्या आरंभी नजफमध्ये दिलेल्या व्याख्यानांत खोमेनींनी हे पालकत्व ताणून सगळ्या राष्ट्रावर पसरवलं. या सिद्धान्ताचं नाव विलायत-ए-फकीह, म्हणजे धर्मशास्त्रज्ञाचं पालकत्व. कर्तव्य आणि स्थान या दृष्टीने अज्ञान मुलाचा पालक आणि राष्ट्राचा पालक यांत फरक नाही, असं त्यांनी तिथे स्पष्टच सांगितलं.

कांटचं वाक्य इथे पुन्हा डोळ्यांसमोर आणा. तो म्हणतो, पालकाचं नाव उताऱ्यावरून काढा. खोमेनी म्हणतात, अख्ख्या देशाच्या उताऱ्यावर अ.पा.क. चढवा, आणि हा वारस कधीच अठराचा होणार नाही. मूलतत्त्ववाद प्रबोधनाच्या विरोधात आहे असं आपण ढोबळपणे म्हणतो. तो विरोध इतक्या नेमक्या जागी क्वचितच उघडा पडतो.

हे परंपरेचं पुनरुज्जीवन नव्हतं. परंपरेच्या दृष्टीने ती बंडखोरीच होती. नजफमधलेच अयातुल्ला (वरिष्ठ शिया धर्मगुरूंची पदवी) खोई यांनी हा राजकीय अर्थ मान्य केला नाही. 'सार्वभौमत्व देवाचं, लोकांचं नव्हे' ही आधुनिक घोषणा सुन्नी जगात आधीच गाजत होती. तिचे मोठे प्रवर्तक अबुल आला मौदुदी १९०३ साली आपल्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जन्मले आणि १९४१ साली लाहोरात त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. त्यांचा प्रभाव इजिप्तच्या सय्यद कुत्बवर पडला, आणि कुत्बचं लेखन फारसीत आणणाऱ्यांत तरुण अली खामेनेई होते, जे पुढे इराणचे सर्वोच्च नेते झाले. वसाहती, पक्षसंघटना, छापखाने आणि वैचारिक लढाया यांच्या विसाव्या शतकात ही विचारसरणी घडली. हद्दपार खोमेनींची भाषणंही इराणात पोचली ती कॅसेटवरून.

'लोकांनीच तर मत दिलं ना?'

दिलं. जानेवारी १९७९ मध्ये शहा देश सोडून गेला, १ फेब्रुवारीला खोमेनी पॅरिसहून परतले आणि मार्चअखेरीस सार्वमत झालं. प्रश्न एकच: इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही? ९८ टक्क्यांहून अधिक मतं 'हो' अशी मोजली गेली. पण या प्रजासत्ताकाची घटना तेव्हा लिहिलेलीच नव्हती. लोकांनी कोऱ्या कागदावर सही केली म्हणा ना.

त्याच महिन्यात ८ मार्चला तेहरानमध्ये हजारो स्त्रिया सक्तीच्या हिजाबविरोधात रस्त्यावर उतरल्या होत्या, त्यांतल्या अनेकींनी शहाविरोधी मोर्चातही भाग घेतलेला होता. आणि जूनमध्ये जो पहिला मसुदा जाहीर झाला त्यात विलायत-ए-फकीह नव्हतंच! खोमेनी किरकोळ बदल करून तो मान्य करायला तयार होते. उदारमतवाद्यांनीच हट्ट धरला की मसुद्यावर निवडून आलेल्या सभेत चर्चा व्हावी. सभा निवडली गेली, तिच्यात धर्मगुरूंचं मोठं बहुमत आलं आणि अयातुल्ला मोंतजेरींच्या अध्यक्षतेखालील त्या सभेने पालकत्वाचं कलम घातलं. हा पालक फकीह म्हणजेच राष्ट्राध्यक्षाच्याही वरचा 'सर्वोच्च नेता'. नोव्हेंबरात अमेरिकी वकिलातीवर विद्यार्थ्यांनी कब्जा केला, मवाळ पंतप्रधान बाजरगान यांनी राजीनामा दिला, आणि त्या भारलेल्या वातावरणात डिसेंबरमध्ये घटना मंजूर झाली.

त्या घटनेत दोन सार्वभौम एकाच घरात राहतात. एक कलम म्हणतं, देशाचा कारभार जनमतावर चालेल. दुसरं म्हणतं, सर्व कायदे इस्लामी निकषांवर उतरले पाहिजेत. भांडण झालं तर निवाडा कोण करणार? पालक मंडळ. त्यात बारा जण: सहा धर्मशास्त्रज्ञ सर्वोच्च नेता थेट नेमतो, सहा कायदेपंडितांची नावं न्यायखात्याचा प्रमुख सुचवतो आणि संसद त्यांतून निवडते. न्यायखात्याच्या प्रमुखाला नेमतो कोण? सर्वोच्च नेता.

हे मंडळ संसदेने केलेला कायदा अडवू शकतं आणि निवडणुकीला कोणी उभं राहायचं हेही ठरवतं. २०२१ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ५९२ जणांनी नोंदणी केली, मंडळाने ७ जणांना उभं राहू दिलं. २०१३ मध्ये तर दोन वेळा राष्ट्राध्यक्ष राहिलेले आणि क्रांतीच्या संस्थापकांपैकी एक असलेले रफसंजानी यांनाच बाद केलं. मत देणं खरं असतं, मोजणीही बरेचदा खरी असते. यादी मात्र पालकाची. आपण निवडणुकीकडे मतदानाच्या दिवसापासून बघायला लागतो, म्हणून आपल्याला ते कोडं वाटतं.

मग निदान राज्य धर्माप्रमाणे तरी चालतं का?

माझ्या मते संपूर्ण विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

ऐंशीच्या दशकात इराण-इराक युद्ध चालू होतं. सरकारला कामगार कायदा, जमीनवाटप, भावनियंत्रण करायचं होतं. पालक मंडळातले शास्त्री म्हणत, हे शरियतीत बसत नाही. खासगी मालमत्तेवर सरकारचा असा हक्क नाही. राज्य अडलं. जानेवारी १९८८ च्या पहिल्या दिवशी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष खामेनेई शुक्रवारच्या प्रवचनात म्हणाले, सरकारचा अधिकार देवाच्या आज्ञांच्या चौकटीतच असतो. कुठलाही श्रद्धाळू माणूस हेच म्हणेल. पण खोमेनींनी पाच दिवसांत जाहीर पत्र लिहून त्यांना फटकारलं. इस्लामी सरकार ही इस्लामची प्राथमिक आज्ञा आहे आणि ती दुय्यम आज्ञांच्या वर आहे, नमाज, रोजा आणि हज यांच्याही वर. गरज पडल्यास सरकार रस्त्यासाठी मशीद पाडू शकतं, राष्ट्रहिताला बाधा येत असेल तर हजला जाणंही थांबवू शकतं.

थोडं थांबून याचा अर्थ पाहा. धर्मासाठी राज्य पाहिजे असं म्हणत क्रांती झाली, आणि नऊ वर्षांत तिच्या संस्थापकानेच सांगितलं की राज्यासाठी धर्म बाजूला ठेवता येतो. महिन्याभरात राज्याचं हित ठरवणारी एक वेगळी परिषदही स्थापन झाली. संसद आणि शास्त्री भांडले तर ती निकाल देणार, आणि निकालाची कसोटी शरियत नव्हे, 'मसलहत', म्हणजे सोय, हित.

पुढच्या वर्षी खोमेनी वारले. घटनेनुसार सर्वोच्च नेता 'मर्जा', म्हणजे अनुयायांनी मानलेला सर्वोच्च दर्जाचा विद्वान, असायला हवा होता. खामेनेई त्या दर्जाचे नव्हते. दर्जा आणि सत्ता यांत निवड करायची वेळ आली तेव्हा घटनाच दुरुस्त झाली: मर्जा असण्याची अट गेली, आणि पालकत्वाच्या आधी 'निरपेक्ष' हे विशेषण आलं.

मुल्लांचं राज्य म्हणजे धर्मगुरूंची चैन, असंही वाटतं. प्रत्यक्षात धर्मगुरूंना शिक्षा करण्यासाठी वेगळं न्यायालय काढावं लागलं. १९८२ साली अयातुल्ला शरियतमदारी यांना मर्जापदावरून उतरवल्याचं जाहीर झालं. शिया इतिहासात असा दर्जा कोणी काढून घेतल्याचं ऐकिवात नव्हतं, कारण तो कोणी देतच नव्हतं, तो अनुयायांच्या विश्वासातून येत असे. ग्रंथाचा एकच अर्थ खरा म्हटला की दुसरा अर्थ सांगणारा विद्वान हा नास्तिकापेक्षा जास्त धोकादायक ठरतो.

नागरिकाला याचा चटका कुठे बसतो?

कायद्यात. १९७५ च्या कुटुंब कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १८ केलं होतं. क्रांतीनंतर ते चांद्रवर्षांनुसार ९ वर आलं आणि पुष्कळ झगड्यानंतर २००२ साली १३ झालं. लोकसंख्या मात्र सरकारला जड होऊ लागली तेव्हा १९८९ नंतर त्याच राजवटीने कुटुंबनियोजन जोरात राबवलं आणि स्त्रीमागे सरासरी साधारण साडेसहा मुलं होती ती दीड-दोन दशकांत दोनच्या आसपास आली. गरज असली की अर्थ लवचिक होतो. स्त्रीच्या हक्काची पाळी आली की तो दगडात कोरलेला असतो.

नागरिकत्वातही चटका बसतो. घटनेने झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती एवढ्याच अल्पसंख्याकांना मान्यता दिली. यज्द-केरमानकडून फार पूर्वी मुंबई-पुण्याला आलेले इराणी हॉटेलवाले बहुतेक झरतुष्ट्री, म्हणजे त्यांच्या तिकडच्या भाऊबंदांना निदान कागदावर जागा मिळाली. त्या हॉटेलवाल्यांतले काही बहाई, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणातच निघालेल्या पंथाचे, होते. पाचगणीत १९४५ सालापासून बहाईंनी शाळा चालवली, इकडे कोणाला त्यांच्या श्रद्धेची अडचण झाली नाही. इराणमध्ये मात्र बहाई पंथ पाखंड ठरला. क्रांतीनंतर दोनशेहून अधिक बहाईंना मृत्युदंड दिला गेला, आणि त्यांच्या मुलांना विद्यापीठाची दारं बंद झाली. देवाच्या वतीने राज्य चालत असेल तर चुकीचा देव मानणारा अर्धा नागरिक ठरतो. हा अपघात नाही, त्या सिद्धान्ताचा तर्कच तिथे नेतो.

'हे फक्त इस्लाममध्येच होतं'

नाही. मूलतत्त्ववादी हे नाव अभिमानाने आधी लावलं ते विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती गटाने. १९२५ साली टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला आणि त्याला शंभर डॉलर दंड झाला. वरच्या न्यायालयाने तांत्रिक मुद्द्यावर तो दंड रद्द केला, पण कायदा १९६७ पर्यंत टिकला. लुइझियानाने शाळांत उत्क्रांतीच्या बरोबरीने निर्मितिवाद, म्हणजे सृष्टी देवानेच घडवली हे मत, शिकवण्याची सक्ती केली, ती १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

अमेरिकेत ही विचारसरणी कमी कडवी होती असं नाही. तिथल्या घटनेत पालकाचं कलम नव्हतं, उलट राज्याने कुठलाही धर्म स्थापायचा नाही असं १७९१ पासून लिहिलेलं होतं. इस्रायलमध्ये १९९५ साली पंतप्रधान राबिन यांना मारणाऱ्याने धर्माज्ञेचाच आधार सांगितला. आपल्या पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर गोळ्यांना बळी पडले. धर्म कुठलाही असो, कळीचा मुद्दा असा की शेवटचा शब्द आपलाच आहे असं मानणाऱ्यांच्या हाती राज्य आहे की नाही.

'प्रबोधन ही तरी पाश्चात्त्यांची श्रद्धाच ना?'

या आक्षेपात जोर आहे. माणसाच्या हक्कांच्या गप्पा मारणाऱ्या ब्रिटनने १९०७ साली रशियाशी करार करून इराण प्रभावक्षेत्रांत वाटून घेतला, आणि पुढच्याच वर्षी रशियन अधिकाऱ्याच्या हुकमाखालील पलटणीने तेहरानची संसद तोफांनी उडवली. इराणी माणसाला युरोपचा उपदेश ढोंगी वाटला तर त्याचं काय चुकलं?

पण उडवली गेलेली ती संसद इराण्यांनीच मागितली होती. आणि २००२ साली हमदान शहरात हाशेम आगाजरी या इतिहासाच्या प्राध्यापकाने भाषणात विचारलं, की सामान्य मुसलमानाने धर्मगुरूंचं माकडासारखं अनुकरण का करावं, ग्रंथ स्वतः का समजून घेऊ नये? आगाजरी इराकविरुद्धच्या युद्धात पाय गमावलेला, या क्रांतीसाठीच लढलेला माणूस. त्याला मृत्युदंड सुनावला गेला. विद्यार्थी रस्त्यावर आले, शिक्षा मागे घ्यावी लागली आणि २००४ साली तो सुटला. त्याचं म्हणणं कांटचंच होतं, पण ते त्याच्या स्वतःच्या देशातल्या अनुभवातून आलेलं होतं.

मग श्रद्धाळू माणसाने काय करायचं?

इराणमध्ये याचं उत्तर शोधणारे बहुतेक जण श्रद्धाळूच आहेत. क्रांतीनंतर विद्यापीठं 'शुद्ध' करण्याच्या समितीवर काम केलेले अब्दुलकरीम सोरूश पुढे म्हणू लागले, की धर्म देवाचा असेल, पण धर्माचं ज्ञान माणसाचं आहे. ते चुकू शकतं, वाढू शकतं, म्हणून त्याच्या नावावर कोणाला सत्ता मागता येत नाही. साखळीतली तिसरी कडी त्यांनी काढून टाकली, पहिली तशीच ठेवली.

मोंतजेरींचा प्रवास त्याहून लांबचा. पालकत्वाचं कलम घालणाऱ्या सभेचे अध्यक्ष तेच, १९८५ साली खोमेनींचे वारस म्हणून निवडले गेलेलेही तेच. १९८८ मध्ये तुरुंगांतल्या हजारो राजकीय कैद्यांना सामूहिक फाशी दिली गेली तेव्हा त्यांनी लेखी विरोध केला आणि १९८९ मध्ये वारसापद गमावलं. पुढे त्यांनी मांडलं, की फकीहाने देखरेख करावी, राज्य करू नये, आणि तो लोकांना उत्तरदायी असावा. त्यासाठी १९९७ पासून २००३ पर्यंत ते घरात नजरकैदेत होते. २००८ साली या वयोवृद्ध अयातुल्लांनी जाहीर केलं, की बहाई लोकांचा धर्म मान्य नसला तरी ते या देशाचे नागरिक आहेत आणि नागरिकाचे हक्क त्यांना मिळालेच पाहिजेत. पुढच्याच वर्षी डिसेंबरात ते वारले, आणि कोम या धर्मनगरीतल्या त्यांच्या अंत्ययात्रेत जमलेल्या गर्दीने राजवटीविरुद्ध घोषणा दिल्या.